सुतकात वाजलेला ढोल

मी ढोल. इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर, म्हस्कूआबांच्या घरात आढ्याला टांगलेला असतो. आंब्याच्या खोडातून मला कोरलं, शेळीचं कातडं चढवलं आणि बिरोबापुढं नेऊन भंडारा लावला.

आबा मला वाजवायचे आणि त्यांचे चुलतभाऊ दत्तोबा गजी नाचात पुढं असायचे. दत्तोबांनी रुमाल उडवून आरोळी दिली की आबा ताल बदलायचे, आणि सगळं रिंगण उलटं फिरायचं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात दत्तोबांच्या पोटात दुखायला लागलं. चिखलातून जीप वर येईना. बाजेवर घालून त्यांना डांबरीपर्यंत नेलं. तिथंच ते गेले.

चौथ्या दिवशी पुण्याहून मोहनराव नावाचे साहेब आले. भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दुपारी गावात आणून गजी दाखवायची, अशी योजना ते आखत होते. गाव त्यात बसलं तर माळापर्यंत पक्का रस्ता होणार होता. सरपंचांनी सुतकाचं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. हळहळले, पण उद्या त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं. वीसच मिनिटं दाखवा, म्हणाले.

आबांनी मला खाली काढलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईनं, वाट अडवली. “घरात सुतक हाय. ढोलाला हात लावू नका.”

“रस्ता असता तर दत्तू गेला नसता,” आबा म्हणाले. “आनि कुनी तसं जायला नगं.”

त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि साहेबांपुढं वाजवलं. नाचणारे खाली मान घालून फिरले. जरा हसत नाचता येईल का, असं साहेबांनी विचारलं.

पुढं योजनेत हायवेलगतचं दुसरंच गाव बसलं. आमचा रस्ता झाला नाही.

दसऱ्याला आबांनी मला देवळात नेलं, पण काठी उचललेला हात खाली येईना. दत्तोबांची बायको चंद्राबाई बायकांतून उठून पुढं आली.

“भावजी, त्या दिशी मी दारात बसून ढोल ऐकला. तुमी आमच्या मालकांसाठी वाजवला, मला ठावं हाय. आता देवासाठी वाजवा.”

आबांनी वाजवलं. ताल बदलायच्या जागी सवयीनं आरोळीची वाट बघत थांबले. रिंगणही थांबलं. कुणीच ओरडलं नाही. आबांनी मला खाली ठेवलं, ते पुन्हा कधी वाजवलं नाही.

आता माझं कातडं सैल पडलंय. तुम्हाला आमची गजी बघायची असेल तर खुशाल या. पण कागदावर कार्यक्रमाची वेळ लिहायच्या आधी घरात येऊन टेका, आज वाजवण्यासारखा दिवस आहे का ते विचारा. घरचे नाही म्हणाले, तर चहा घेऊन परत जा. आणि पुन्हा या.