मिनलच्या रॉकेटची छत्री

कामिनीला लेकीचं हे रॉकेटचं वेड मुळीच पसंत नव्हतं. ज्या पोरीच्या हृदयाची झडप गळते, जिना चढताना जिला मधेच पायरीवर टेकावं लागतं, तिनं पुठ्ठे कापत बसावं हे कुठलं शहाणपण? पण कॉलेज सुटलं होतं, मैत्रिणी यायच्या थांबल्या होत्या. ऑपरेशन केलं नाही तर पुढच्या वर्षीचा पोळा दिसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून मिनल भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मग एक दिवस तिनं इंटरनेटवरून रॉकेटचा फुकटातला नकाशा उतरवून घेतला आणि उठून बसली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. कामिनीनं स्वयंपाकघरातला फॉइलचा रोल मुकाट्यानं रिकामा करून नळी तिच्या हातात दिली.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांना मग डिंकाचा वास लागला. रॉकेटचे पंख साडीच्या खोक्यातून निघाले, नाक थर्माकोलचं झालं. इंजिन घरी करू नका, असं नकाशावरच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणून कॉलेजच्या सरांनी रॉकेट क्लबातलं तयार इंजिन पाठवलं आणि मिनलच्या बापाला, जितेंद्रला, ते कसं पेटवायचं हे तीनतीनदा बजावलं. छत्री मात्र मायलेकींनी मिळून केली. केशरी प्लास्टिकची पिशवी गोल कापली, कडेला कामिनीच्या शिलाई मशीनचा दोरा बांधला, घड्या चिकटू नयेत म्हणून वर पावडर भुरभुरली.

"आई, मेन तं हेच आहे," मिनल म्हणाली होती. "वर तं कोणतंबी फटाकडं जाते. वर गेलं का इंजिन आतून फुंकर मारते, नाक उघडते, छत्री बाहेर येते, अन् रॉकेट हळूहळू वापस येते. साबूत. तवाच जमलं म्हणायचं."

कामिनीनं मान डोलावली. तिच्या डोक्यात त्यातलं एकच राहिलं. वर गेलेलं वापस येते.

उडवायचं ठरलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. जितेंद्रला सुट्टी होती, आणि परवा तर पोरीला दवाखान्यात भरती करायचं होतं. कामिनी कुहीकडची. तिच्या माहेरी त्या दिवशी सकाळीच घराघरातून पळसाच्या डहाळ्या निघतात. घरातलं दुखणंखुपणं त्यांच्या माथी मारायचं, रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीला 'घेऊन जाय वं' म्हणून ओरडायचं, डहाळी शिवेबाहेर टाकायची आणि मागे न बघता घरी यायचं. शहरात तर मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीला पाय ठेवायला जागा नसते. कॉलनीतले लोक ती टीव्हीवर बघतात. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि कामिनी वर्षभर आतून जळत होती. डॉक्टर झाले, नवस झाले, कुणी सांगितलेला काढाही झाला. आता ही पीडा लांब नेऊन टाकील असं एकच काहीतरी घरात उरलं होतं, आणि ते टेबलावर नाक वर करून उभं होतं.

सकाळी मिनल आंघोळीला गेली तशी कामिनीनं रॉकेटचं नाक काढलं. लेकीच्या कंगव्यातले केस पळसाच्या पानात गुंडाळले आणि पान नळीत सारलं. मावेना. छत्री आड येत होती. कामिनी तिच्याकडे बघत राहिली. पोरीची पीडा वर न्यायची आणि छत्री धरून, हळूहळू, साबूत परत अंगणात आणायची? ही कसली अवदसा! तिनं मशीनच्या कात्रीनं दोरे कापले, छत्री कमरेला खोचली, जागा रिकामी दिसू नये म्हणून आणखी पानं ठासली आणि नाक दाबून घट्ट बसवलं. "घेऊन जाय वं, माय," ती पुटपुटली. कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

कॉलनीमागच्या माळावर आभाळ दाटून आलं होतं. चिमण्यांचा धूर वर जाऊन त्याच रंगाच्या ढगांत मिसळत होता. मिनलला लांब खुर्चीवर बसवून जितेंद्रनं वायर ताणत आणली आणि बटण तिच्या हातात दिलं.

"भेऊन राहिली का वं?"

"नाही गा, बाबा." तिचे ओठ निळसर दिसत होते.

तिनं बटण दाबलं. फस्सदिशी रॉकेट गेलं. जातंय एवढं दिसताच कामिनीनं तोंड फिरवलं, कारण पीडेला निरोप दिला की मागे बघायचं नसतं. त्यामुळे तिला फक्त लेकीचा चेहरा दिसला. त्यावर हसू होतं, अगदी लहानपणीचं. मग ते तसंच अडकून राहिलं. "उघड ना," मिनल वर बघत म्हणाली. "उघड ना रे. उघड!"

धप्प असा आवाज झाला. रॉकेट ओल्या मातीत नाकावर आपटलं होतं, पंख निखळले होते, नळीचा चोळामोळा झाला होता. जितेंद्रनं ते लगबगीनं रुमालात गुंडाळलं. "वर तं मस्त गेलं ना, बेटा," तो म्हणाला.

 घरी येऊन मिनल भिंतीकडे तोंड करून निजली. कामिनी दवाखान्याची पिशवी भरायला बसली.

"ते नको भरू, आई. मी नाही येत ऑपरेशनले."

"काहून? असं काय बोलून राहिली वं?"

"म्या मनात धरलं होतं. छत्री उघडली, ते साबूत खाली आलं, तं मीबी ऑपरेशनच्या टेबलावरून साबूत उतरीन. नाही उघडली." आवाज भिंतीतून आल्यासारखा येत होता. "मले तिथं नाही मरायचं. मले घरीच राहू दे."

 कामिनी पीडा टाकायला गेली आणि पोरीचा धीरच शिवेबाहेर टाकून आली. गप्प बसली तर पोर हातची जात होती. बोलली तर पोर पुन्हा कधी आईच्या हाती काही देणार नव्हती. तिनं कमरेची छत्री काढली. घामानं तिच्यावरच्या पावडरीचा लगदा झाला होता.

"उघडन कशी? ते आत नव्हतीच. म्या काढली, बाई." मग तिनं सगळं सांगितलं. केस, पळसाची पानं, मारबत, काहीच हातचं राखलं नाही.

मिनल उठून बसली. "माही एकच गोष्ट होती, आई," ती म्हणाली. "एकच. तेबी तुनं ठेवली नाही."

"नाही ठेवली."

मिनलनं तिच्या हातून छत्री घेतली आणि कापलेल्या दोऱ्यांची टोकं चाचपली.

"असती तं उघडली असती?"

कामिनीला त्यातलं काय कळत होतं? "उघडली असती," ती म्हणाली. "पक्की उघडली असती."

मिनलनं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. विश्वास बसला की नाही, कामिनीला कळलं नाही. "दोरा दे," पोर म्हणाली. कामिनीनं मशीनवरचं रीळ दिलं आणि दुसरं टोक धरायला हात पुढे केला.

"तू नको हात लावू."

मिनल एकटीच एकेक दोरा बांधत गेली, मधेमधे दम घ्यायला थांबली. मग तिनं छत्री पुसली, नव्यानं पावडर लावली, नकाशात दाखवल्याप्रमाणे घडी घातली आणि ठेवायला दवाखान्याच्या पिशवीकडे वळली. कामिनीनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.