परवानगी अंगणापुरती

बासिलिसाची लेक न्येवेस एकोणिसाव्या वर्षी गावातल्या मठात गेली ती गेलीच. तिथला नियमच तसा. आत गेलेली बाई मरेपर्यंत बाहेर येत नाही आणि बाहेरच्याला आत पाऊल टाकता येत नाही. आई महिन्यातून एकदा भेटीच्या जाळीशी जाऊन बसायची. जाळीमागे काळा पडदा, त्यामुळे लेकीचा नुसता आवाज कानी पडायचा. ईस्टरनंतर तोही बंद झाला. दारावरची सिस्टर म्हणाली, "छातीचं दुखणं आहे. प्रार्थना करा."

मे महिन्यात माद्रिदहून सिनेमावाले आले. जोगिणींच्या आयुष्यावर सिनेमा काढायचा होता. बिशपनी एका दुपारपुरतं मठाचं अंगण उघडून दिलं होतं. पण खऱ्या जोगिणी कॅमेऱ्यापुढे येणार नव्हत्या, म्हणून गावातल्या बाया हव्या होत्या. बासिलिसा सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली.

"लेक दिली ती कमी पडली, म्हणून आता तूही निघालीस होय गं?" शेजारीण किटेरिया म्हणाली.

"तू आपला डोक्यावरचा रुमाल नीट कर," बासिलिसा म्हणाली.

जोगिणींचे झगे चढवून बाया अंगणात शिरल्या. दिग्दर्शकाने बजावलं, "विहिरीपासून त्या दारापर्यंत चालायचं. मान खाली."

पहिल्याच फेरीला बंद खिडकीमागून खोकला ऐकू आला. ढास संपताना श्वास ओढण्याची ती तऱ्हा आईने लेकीच्या लहानपणापासून ऐकलेली. दुसऱ्या फेरीला बासिलिसा रांग सोडून सरळ दाराशी गेली आणि कडीला हात घातला. दार आतून किलकिलं झालं. चेहऱ्यावर पडदा ओढून मठाच्या मोठ्या मदर उभ्या होत्या.

"बासिलिसाबाई, परवानगी अंगणाची आहे."

"चार पावलं आहेत, मदर."

"चारच आहेत. तुम्हाला आत सोडावं म्हणून बिशपना दोनदा लिहिलं मी. उत्तर नाही." मदरनी दार तेवढंच धरून ठेवलं. "मी सोडलं, तर हे दार माझं राहणार नाही."

"मग तिला एवढं तरी सांगा, आई आलीय म्हणून."

"सांगितलं तर ती उठायला बघेल. परवाच उठताना पडली. रक्त थांबता थांबेना."

आत पुन्हा ढास लागली. बासिलिसाने कडीवरचा हात काढला.

"मग नका सांगू."

ती रांगेत परतली. दिग्दर्शकाने लांबूनच हाक दिली, "ताई, चेहरा हा असाच ठेवा." तिसरी फेरी झाली. चौथीही झाली, कारण मध्येच ढग आला होता.

जूनमध्ये न्येवेस गेल्याची मठाची घंटा वाजली. तिला पुरणंही आतच. बासिलिसाने दारावरच्या सिस्टरला विचारलं, "कुठल्या कोपऱ्यात?"

सिस्टर म्हणाली, "उत्तरेला. भिंतीला लागून."

बासिलिसा बाहेरून वळसा घालून उत्तरेला गेली. तिथे कुणाचं तरी खळं होतं. माणसं जव उफणत होती. दोन पुरुष उंचीच्या भिंतीशी ती उभी राहिली. भिंतीचा कुठला दगड लेकीच्या जवळचा, ते काही तिला ठरवता येईना.