एकोणिसावी ओळ

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर प्रबंध टाइप करून, बांधून देणारं एक दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, पुठ्ठ्यांची चळत आणि भिंतीला टेकून बसलेले, काळजीने अर्धे झालेले विद्यार्थी, एवढाच तिथला पसारा. प्रबंध लिहायला पाच वर्षं लागतात, पण माणसं रडकुंडीला येतात ती शेवटच्या पाच दिवसांत, अनुक्रमणिका जुळत नाही म्हणून. मग मालक खुर्चीतून न उठता बोट दाखवतो आणि म्हणतो, "तक्तेवालीकडे जा."

तक्तेवाली चाळिशीला टेकलेली, डोक्यावर चष्मा सरकवून तोच चष्मा टेबलावर शोधणारी बाई. शिक्षण दहावी. पण भलेभले पंडित तिच्यासमोर हात बांधून बसत, कारण आकड्यांची शिस्त तिच्या बोटांत होती. विद्यार्थी याद्यांना आणि तक्त्यांना हाताने क्रमांक घालून आणत, मध्येच एक मुद्दा वाढवत आणि पुढचं सगळं गाडं घसरलं की डोक्याला हात लावत. ती त्यांना दरवेळी तेच सांगे, की आकडे यंत्राला मोजू द्यावेत. मधली एक ओळ काढली तर खालच्या सगळ्या आपोआप वर सरकतात, आणि तिथे कुणी होतं याचा मागमूसही राहत नाही.

त्या सोमवारी ती कामावर निघाली तेव्हा नवऱ्याने दारातच तिला थांबवलं. तिची थोरली मुलगी वर्षापूर्वी पहिल्या बाळंतपणात गेली होती. बाळ, तेही मुलगीच, वाचलं होतं आणि जावयाच्या घरी होतं. आता जावयाकडून निरोप आला होता की धाकटीला द्या, म्हणजे नातंही तुटणार नाही आणि बाळालाही आई मिळेल. त्या घराण्यात आणि यांच्याही घराण्यात अशी रीतच होती. धाकटी नववीत होती. सासूबाई देवासमोरून उठत म्हणाल्या होत्या, "माय मरो, मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही." आणि नवरा म्हणाला, "थोरलीच्या वेळचा तो कागद दुकानात असेलच ना? जुनीच फाइल उघड, नाव तेवढं बदल."

तो कागद म्हणजे वयाचं प्रतिज्ञापत्र. शाळेचा दाखला हरवला आहे आणि मुलीला अठरा पूर्ण आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. दाखला हरवलेला नव्हता, ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी होता. मुलगी पंधराची होती. पंधराचे अठरा करायला एकच कळ पुरली होती, पाचाच्या जागी आठ. ती कळ कुणी तिचा हात धरून दाबून घेतली नव्हती. चार दिवस घरात अबोला होता, मग तिने जेवणाच्या सुट्टीत तो कागद करून टाकला. आपण इथे तिला दोष देऊन मोकळे होऊ नये. असे कागद एकट्या माणसाच्या हातून होत नाहीत, त्यामागे सगळं घर उभं असतं.

दुकानात एक तरुण डॉक्टरीण वाट पाहत होती. अठराच्या आत आई झालेल्या आणि त्यातच दगावलेल्या मुलींवर तिचा प्रबंध होता. चौथ्या प्रकरणातला तिसरा तक्ता एकतीस ओळींचा होता आणि पानावर तीसच मावत होत्या. मार्गदर्शक सरांचं म्हणणं पडलं होतं की पूर्ण तक्ता एका पानावर हवा, शिवाय एकोणिसाव्या ओळीतलं वय संशयास्पदच आहे, तेव्हा ती काढावी म्हणजे टक्केवारीही सोपी होईल. डॉक्टरीण हे सांगताना खाली बघत होती.

तक्तेवालीने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तक्ता उघडला. त्यात नावं नव्हती. दाखल झाल्याची तारीख, वय, रुग्णालयात आणायला लागलेला वेळ, बाळ, शेरा. तिचं बोट ओळींवरून खाली सरकत एकोणीसवर आलं आणि तारखेवर थांबलं. त्याच तारखेला थोरली गेली होती, तिचं वर्षश्राद्ध घालून अजून महिनाही झाला नव्हता. वय रुग्णाच्या सांगण्यानुसार सोळा, कागदोपत्री एकोणीस. वेळ अकरा तास. बाळ जिवंत, मुलगी. आणि शेऱ्याच्या चौकटीत बारीक अक्षरांत होतं: 'रुग्ण शेवटपर्यंत आईला बोलवा म्हणत होती. आईला कळवलेले नाही.'

मुलीच्या सासरच्यांनी तिला सांगितलं होतं की ती झोपेतच गेली, काही कळलंच नाही. त्या एका वाक्यावर तिने वर्ष काढलं होतं. आता ती तो शेरा पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचू लागली. मालकाने पाणी विचारलं, तिला ते ऐकू आलं नाही.

ही एक ओळ काढायची म्हटलं तर एक कळ पुरे. मग वीसची एकोणीस होईल, एकवीसची वीस होईल, पान सुबक दिसेल. घरीही तेच चाललं होतं. थोरली गेली, आता धाकटी वर सरकेल, त्याच घरात, त्याच अंथरुणावर, त्याच खोट्या वयाने.

"ही मुलगी तुम्ही पाहिली होती?" तिने विचारलं.

"मी होते तिथे," डॉक्टरीण म्हणाली. "ती खोटं बोलत नव्हती, मावशी. दोनदा म्हणाली, मला सोळाच आहेत, दहावीची परीक्षा राहिलीय. पण घरच्यांनी शिक्क्याचा कागद पुढे केला. माझ्याकडे पुरावा काय?"

"तो कागद मी टाइप केलाय. ह्याच टेबलावर," तक्तेवाली म्हणाली. "मी तिची आई."

डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्या जवळ बसली आणि तक्तेवालीने काही विचारायच्या आतच सांगू लागली, की शेवटी मुलीचा हात धरून मी बसले होते, ती अगदी एकटी नव्हती. दोघीही रडल्या. दुपारी तक्तेवाली घरी जाऊन ट्रंकेतला दाखला घेऊन आली. हे बाहेर आलं तर तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल, असं डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. तिने मान हलवली आणि झाला प्रकार कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली.

मग ती कामाला लागली. तक्ता तिने दोन पानांवर नेला, दुसऱ्या पानावर मथळ्याची ओळ पुन्हा येईल अशी सोय केली. विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत लांब तक्त्याला तशी परवानगी होतीच, कुणी पान उलटून पाहिलं नव्हतं इतकंच. जायच्या आधी तिने ती जुनी फाइल उघडली, एकदा वाचली आणि पुसून टाकली.

संध्याकाळी घरी सगळे जमले होते. धाकटी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती. नवऱ्याने कागदाचं विचारलं.

"कागद होणार नाही," ती म्हणाली. "थोरलीचा खरा दाखला मी आज डॉक्टरांना दिला. धाकटीचं कुणी नाव काढलं तर तिचाही देईन, पोलिसांना."

नवरा ताडकन उठला, पण सोळा वर्षांच्या लेकीचे अकरा तास तिने त्याला सांगितले, शेऱ्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, तेव्हा तो खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. सासूबाईंना मात्र राहवलं नाही.

"अगं, पण त्या तान्ह्या जिवाचं काय? मावशीच लागते अशा वेळी."

"बाळाला इथे आणा, मी सांभाळते," ती म्हणाली. "मावशी जगो म्हणता ना, सासूबाई? म्हणूनच तिला देत नाही."

धाकटीने पुस्तकावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. आई तिच्या शेजारी जाऊन बसली.

तो प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तक्ता एकतीस ओळींचा आहे आणि त्याखाली बारीक टीप आहे: 'क्रमांक १९चे वय आईने दिलेल्या शाळेच्या दाखल्यावरून निश्चित.' उद्या तुमच्याही घरात कुणी असाच एक आकडा बदलून मागेल. जवळचंच माणूस, गोड बोलून मागेल. तेव्हा ती ओळ एकदा वाचून या, आईला शेवटपर्यंत बोलावणारी.