परिचयातली गाळलेली ओळ

वृंदाने माइक खाली ओढला आणि हातातला कागद वाचायला घेतला. कोबेच्या त्या हॉलमधली शंभरेक भारतीय माणसं गप्प झाली. पाहुणे होते ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे खासदार विश्वजित, व्यापारी शिष्टमंडळाबरोबर जपानला आलेले. तो वृंदाचा सख्खा धाकटा भाऊ. ती बरीच वर्षं कोबेतच राहत होती, म्हणून परिचय तिनेच करून द्यावा, असा तिथल्या भारतीयांच्या मंडळाने आग्रह धरला होता.

मजकूर लंडनहून त्याच्या कार्यालयाने पाठवला होता. मिरजेतलं बालपण, वडील लवकर गेलेले, टेलिफोन एक्सचेंजमध्ये पाळ्या करून आईने वाढवलेली दोन मुलं. मग शिष्यवृत्तीवर लंडनला कायद्याचं शिक्षण, नगरसेवकपद, दोनदा पराभव आणि तिसऱ्या खेपेला खासदारकी. पुढची ओळ होती : स्थलांतरितांनी वृद्ध आईवडिलांना ब्रिटनमध्ये आणण्यावर कडक बंधनं घालणाऱ्या विधेयकाचे खंदे समर्थक.

ती ओळ वृंदाने वाचलीच नाही. टाळ्या पडल्या.

तीन वर्षांपूर्वी आई मिरजेत गेली, तेव्हा तिच्या तोंडात पाणी घातलं ते शेजारच्या जयमालाबाईंनी. वृंदा दुसऱ्या दिवशी पोचली. विश्वजित आलाच नाही. त्याच आठवड्यात त्या विधेयकावर मतदान होतं. तेव्हापासून बहीणभाऊ सणावाराला फोन करत आणि जेवढ्यास तेवढं बोलून ठेवत.

जेवणं उरकल्यावर त्याने आपल्या मदतनिसाला मागे थांबवलं आणि तो तिला सोडायला सान्नोमिया स्टेशनच्या दिशेने निघाला. उतार निम्मा झाल्यावर त्याने विषय काढला.

"ताई, ती ओळ तू गाळलीस."

"वाचवेना मला."

तो खाली बघतच बोलू लागला. आई दर फोनला विचारायची, तिकडे कधी नेतोस म्हणून. घर मोठं होतं, खोली रिकामी होती. तरी आज सांगू, उद्या सांगू करत त्याने आठ वर्षं घालवली होती.

"सगळ्यांना वाटतं मी पक्षासाठी त्या विधेयकाची बाजू घेतली," तो म्हणाला. "मला फक्त तिला सांगायला काहीतरी हवं होतं. कायद्यात बसत नाही गं आई, एवढंच."

वृंदाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कानांजवळचे केस पांढरे झाले होते.

"आणि तुला विचारायची तेव्हा तू काय सांगायचीस तिला?" त्याने विचारलं.

"इथल्या नियमात बसत नाही म्हणून."

"काय आहे इथला नियम?"

स्टेशनसमोरचा सिग्नल हिरवा झाला. आजूबाजूची माणसं रस्ता ओलांडू लागली.

"मी कधी चौकशीच केली नाही, विश्वा," ती म्हणाली.

सिग्नल पुन्हा लाल झाला, तरी दोघं रस्त्याच्या अलीकडेच उभी होती.