बेडूकताईंचा माइक

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, जुना तराजू आणि तडा गेलेलं भिंग यांच्यामध्ये जो काळा, पोचे आलेला माइक उभा आहे, तोच मी. मी एक जुना माइक आहे, आणि कपाटात ठेवण्याइतका मोडलेला मुळीच नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही काचेला नाक लावून माझ्याखालची चिठ्ठी मोठ्याने वाचता, ‘बेडकांचा आवाज टिपणारा माइक’, आणि खूश होता. ते कौतुक मला बोचतं. का बोचतं, ते आज सांगूनच टाकतो.

माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आहे. आवाज आला की तो थरथरतो, त्या थरथरीची वीज होते आणि तारेतून पुढे जाते. माझं शहाणपण एवढंच. पदरचं काही घालणं मला जमत नाही. जे कानावर येईल ते जसंच्या तसं पुढे द्यायचं, हा माझा धर्म. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटायचं, सगळं जग असंच वागत असेल. नवा होतो ना!

मला रेडिओ केंद्रावर पाठवलं. तिथे गाद्या ठोकलेल्या भिंतींची एक खोली होती आणि त्या खोलीत ताई होत्या. दर आठवड्याला त्या ‘जरा कान द्या’ नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम करायच्या. बाकीचे निवेदक समोरचा कागद वाचून घरी जायचे. ताई मात्र मला पिशवीत घालून रानोमाळ हिंडायच्या. वाऱ्याने माझा कान फुटू नये म्हणून मला स्पंजची टोपी घालायच्या. मुंग्यांचं वारूळ, गिरणीची चाकं, झाडाच्या ढोलीतली पिल्लं, सगळ्यांची मुलाखत मी घेतली आहे म्हणा ना.

ताईंचा एक शिरस्ता होता. बाहेर कुठेही गेलं की आधी मला तोंडाजवळ धरून त्या जागेचं नाव सांगायच्या आणि दिवस सांगायच्या. मग गप्प. मग जे ऐकू येईल ते. हे सांगणं कार्यक्रमातही तसंच वाजायचं, कधी कापलं जायचं नाही. ‘कुठला आणि कधीचा ते सांगितलं नाही, तर तो आवाज नाही, नुसता गोंगाट,’ असं त्या नव्या लोकांना बजावायच्या. एकदा चुकून दुसऱ्याच बागेतल्या चिमण्या कार्यक्रमात गेल्या, तर पुढच्या आठवड्यात त्यांनी सुरुवातीलाच श्रोत्यांची माफी मागितली. चिमण्यांसाठी माफी! केंद्रावरचे लोक हसले. मी मात्र त्या दिवशी ताईंना माझं मन देऊन बसलो.

मग तो तळ्याचा भाग झाला. भल्या पहाटे ताई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. एक चप्पल चिखलाने गिळली, तरी त्यांनी मला हलू दिलं नाही. जागा सांगितली, दिवस सांगितला, आणि काय सांगू मित्रांनो, सगळं तळं एका सुरात ओरडायला लागलं! डराव डराव करत बेडकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. नंतर ताईंनी श्रोत्यांना समजावून सांगितलं की बेडूक कातडीनेही श्वास घेतो, पाणी कातडीतूनच शोषतो, त्यामुळे पाण्यात विष आलं तर ते सगळ्यात आधी त्याला बाधतं. बेडूक गप्प झाले तर पाण्याची चौकशी करा, असं त्या म्हणाल्या. तो भाग इतका गाजला की घराघरांतली पोरं डराव डराव करत फिरू लागली आणि ताईंची बेडूकताई झाली.

दिवस कुणासाठी थांबत नाहीत. केंद्राने कार्यक्रम बंद केला. ताई निवृत्त झाल्या आणि भंगारात निघालेल्या मला घरी घेऊन आल्या. मी टेबलाच्या खणात पडलो, किल्ल्या आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत. धूळ नाकातोंडात जायची. पण तक्रार नव्हती, कारण खण ताईंचा होता.

एक दिवस त्यांच्या भाच्याने खण उघडला. “मावशी, लोक आता रेडिओ ऐकत नाहीत, मोबाईलवर बघतात. आपण तिथे सुरू करू,” तो म्हणाला. पोरगा कामाचा होता. त्याने मला पुसलं, नवी तार लावली, आणि ‘जरा कान द्या’ पुन्हा सुरू झालं. मला वाटलं, गेलेले दिवस परत आले.

त्याच सुमाराला त्या बेडकांच्या तळ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना उभा राहिला होता. तळ्याकाठच्या लोकांचं म्हणणं होतं की त्याचं पाणी तळ्यात येतं, ते आधी थांबवा आणि तळं साफ करा. सरकारी साहेब लोक त्यावर सभा घेणार होते. ताई म्हणाल्या, “चला, तळ्यालाच विचारू.”

भर पावसाळ्यातल्या एका पहाटे आम्ही पोचलो. ताईंनी जागा सांगितली, दिवस सांगितला आणि त्या गप्प झाल्या. मी जिवाचा कान केला. एका नळातून काहीतरी टपकत होतं. बाकी काही नाही. एकसुद्धा बेडूक नाही. ती शांतता मी अगदी जशीच्या तशी टिपली. आयुष्यात इतकं मोलाचं काही मी टिपलं नव्हतं.

घरी भाचा ते ऐकून वैतागला. “यात तर काहीच नाही गं मावशी. लोक बोटाने पुढे ढकलतील.” ताई म्हणाल्या की काहीच नाही, हीच तर बातमी आहे. बराच वेळ दोघांची हुज्जत चालली. मग त्याने बेडकांची जुनी टेप शोधून लावली. तो सूर ऐकून ताईंचे डोळे भरून आले. “हा आवाज ऐकून लोकांना तळ्याची माया लागेल,” त्या हळूच म्हणाल्या. “मग ते तळ्यासाठी उभे राहतील.” त्या कुणाची समजूत घालत होत्या, देव जाणे.

भाच्याने टेपच्या सुरुवातीचं जागा आणि दिवस सांगणं कापलं. मग ताई माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “काल पहाटे आम्ही तळ्यावर गेलो होतो. ऐका.” आणि त्यापुढे जुने बेडूक ओरडले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, बघा. आम्ही गेलो होतो आणि बेडूकही ओरडले होते. मधला काळ तेवढा गिळला होता.

तो भाग वाऱ्यासारखा पसरला. लोकांनी डोक्यावर घेतला.

सभेला ताई गेल्या, मीही गेलो, भाचा चित्रण करणार होता म्हणून. तळ्याकाठी रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या की आमच्याकडे कधीपासून एकही बेडूक ओरडलेला नाही, रोपं पिवळी पडताहेत. तेव्हा कारखान्याच्या व्यवस्थापकाने शांतपणे मोबाईल काढला आणि ताईंचाच भाग सगळ्यांना ऐकवला. डराव डराव! “तळं तर ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “की बेडूकताई खोटं बोलतात?”

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. भाच्याने मला त्यांच्यासमोर धरलं. त्यांचा श्वास माझ्या जाळीवर आपटत होता. मी मनात म्हणत होतो, ताई, चिमण्यांसाठी माफी मागितली होती तुम्ही. दोन शब्द बोला. कुठला आणि कधीचा, एवढंच.

“आवाज खरा आहे,” ताई म्हणाल्या. “माझ्याच माइकने टिपलाय.”

मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माझा खरेपणा पुढे करून, माझ्याच तोंडावर, माझ्याच माणसाने. आणि मी काय केलं? माझा धर्म पाळला. ते वाक्य जसंच्या तसं पुढे दिलं, अगदी स्वच्छ. टाळ्या पडल्या. रोपवाटिकेच्या बाई टाळ्या संपेपर्यंत ताईंकडे बघत उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या. साहेबांनी तळ्याचा विषय तिथेच संपवला. कारखान्याचं पाणी अजून तळ्यात येतं.

त्यानंतर ताईंनी मला कधी तोंडाजवळ धरलं नाही. कार्यक्रमही बंद पडला. एके दिवशी रुमालात गुंडाळून त्यांनी मला तुमच्या विज्ञानाच्या सरांकडे दिलं. “जपा याला,” त्या म्हणाल्या. “फार खरा आहे हो.” सरांना ते कौतुक वाटलं. खालची चिठ्ठी ताईंच्याच हातची आहे. नीट वाचा ती. तिच्यावर जागा नाही आणि दिवसही नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. मला पुसून चकचकीत करू नका. कपाटातून बाहेर काढा, तार जोडा, स्पंजची टोपी मिळाली तर घाला आणि मला त्या तळ्यावर न्या. आधी जागा सांगा, दिवस सांगा. मग गप्प उभे राहा. काहीच ऐकू आलं नाही, तर ते काहीच नाही रेडिओवर लावा, मोबाईलवर लावा, सगळ्या जगाला ऐकवा. लोक कंटाळले तरी चालेल. पण त्यातलं काही कापू नका.