नदीनं नेलेली माती

“बाबा, हळू ओता हो! नदी आहे ती, टँकर नाही!” सुरुची ओरडली.

उद्या तिला शाळेत सातवीच्या मुलांना नदीचं वळण दाखवायचं होतं. म्हणून भाईंदरच्या त्या वीतभर बाल्कनीत बेकरीचा ट्रे, ट्रेमध्ये वाळू, वाळूत बोटानं ओढलेली नागमोडी नदी आणि तांब्या घेतलेले सासरे, असा सगळा थाट. काशीमीऱ्याच्या गॅरेजात चाळीस वर्षं ट्रकांखाली काढलेल्या हरिश्चंद्रला उकिडवं बसायचं काही वाटत नव्हतं.

“बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या काठावर माती साचते,” सुरुची म्हणाली.

“मला शिकवतेस? तो बाहेरचा काठ म्हणजे मीच की!”

खरंच होतं ते. माणगावकडच्या गावी नदी त्याचं शेत दरसाल हातभर खायची आणि समोरच्या काठावर चुलतभाऊ बाबाजीचं शेत वाढायचं. बाबाजीनं माझी माती ढापली, हे हरिश्चंद्रनं डोक्यात घेतलं ते घेतलंच. अठरा वर्षं अबोला! परवा बाबाजीच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली, तर हा पठ्ठ्या म्हणाला, “मेलो तरी जाणार नाही.”

आता सुनेला पुरावाच दाखवायचा म्हणून त्यानं कुंड्यांना लावायचा गेरू आणून बाहेरच्या काठावर थापला. “ही माझी जमीन. बघच आता कुठं जाते.”

धार सुटली, काठ खचला. लाल माती समोरच्या काठाला शिवलीसुद्धा नाही. ती खाली वाहत गेली आणि त्याच बाजूला, पुढच्या वळणाच्या पोटात जाऊन बसली. समोर साचली ती वरून आलेली पांढरी वाळू.

“परत!” हरिश्चंद्र म्हणाला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

“बाबा, गावी त्या खालच्या वळणावर कोणाचं शेत आहे?”

“मंदाचं.” मंदा त्याची धाकटी बहीण, दरवर्षी वालाची गोणी पाठवणारी. “आयला! म्हणजे मी माझ्याच मातीतले वाल खातोय?”

सुरुची हसून हसून खाली बसली. तोही हसला, मग तांब्या खाली ठेवला. “भर चावडीवर मी बाबाजीला चोर म्हटलं गं.”

हात न धुताच त्यानं फोन लावला.

“बाबाजी, हरी बोलतोय. माझं चुकलं. माती तुझ्याकडं नाही आली रे, मंदाकडं गेली.”

“मग? मी रोज बघतोय की नदी.”

“बोलला का नाहीस?”

“तू ऐकणारा हायस? म्हणून मी आपला बांबू लावतो.”

“कुठं?”

“तुझ्या काठाला. पावसाच्या आधी पाणी घोट्याएवढं असतं, तेव्हा पलीकडं येतो. निम्मा वाहून जातो. पण आता तीन बेटं धरलीत. तिथला काठ हलला न्हाय बघ.”

अठरा वर्षांत गावी गेला तरी हरिश्चंद्र नदीकडे फिरकला नव्हता. बघवत नाही म्हणायचा. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

“हॅलो? हरी, हायस का?”

“लग्नाच्या चार दिवस आधी येतो. यंदाचा बांबू आपण दोघं लावू.”

“ये की. पण कुदळ एकच हाय माझ्याकडं.”

“मग तू बस. मी खणतो,” हरिश्चंद्र म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं.