एक खिळा जास्तीचा

जान्हवीनं एंटर दाबलं आणि पडद्यावर पुन्हा तोच आकडा उमटला. एकेचाळीस.

तिनं खुर्ची मागे ढकलली. शनिवारचे सव्वादहा वाजले होते. बारा वाजता मुलुंडला यादी पोचवायची होती, म्हणजे पावणेदोन तास हातात होते आणि कालपासून हा आकडा एकानंही खाली आला नव्हता.

मुलुंडच्या डोळ्यांच्या इस्पितळात ती नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. सात वर्षं कार्डं लिहिली, पावत्या फाडल्या. यंदा इस्पितळानं कागद बंद करून सगळं कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा तिनं आपण होऊन सांगितलं होतं की ती शिकेल. दर रविवारी पायथनचा क्लास. पाच रविवार झाले होते. गोराई आणि मढला मोतीबिंदूची शिबिरं झाली, तिथं गेलेल्या मुलींनी मोबाइलवर एक यादी केली. नंतर तपासणीला जे आले त्यांची दुसरी यादी इस्पितळात झाली. दोन्ही याद्यांत ज्याचं नाव, त्याला ऑपरेशनची तारीख. दोनशे बारा नावं हातानं कोण ताडून बघणार? म्हणून जान्हवीनं बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. एकशे एकाहत्तर नावं जुळली. एकेचाळीस सापडली नाहीत.

"नाही जुळत म्हणजे तपासणीला आलेच नसतील," नंदकिशोर सर काल म्हणाले होते. यादीवर सही त्यांची असायची. "उद्या बारापर्यंत बघ. नाहीतर ती नावं काढून यादी पक्की करू."

आलेच नसतील कसे? राजाराम कोळी आले होते. तिनं स्वतः त्यांचा दंड धरून त्यांना खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत नेलं होतं. वाटेत त्यांनी तिला तीनदा विचारलं होतं, पायरी आहे का गो, पायरी आहे का.

"काय झाला?"

पलंगाच्या कडेला बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं. लवू तावडे. वय एकाहत्तर, त्यातली चौतीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून गेलेली. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका जुळवल्या. छापखाना बंद पडला तसे घाटकोपरच्या या दोन खोल्यांत बसून राहिले. बोलणं मुळात कमी. पण क्लासचं नाव निघालं आणि जान्हवीचा नवरा नितेश "रविवारचं जेवण कोण करणार" असं म्हणाला, तेव्हा लेकाकडे न बघता तेच म्हणाले होते, "मी कुकर लावतंय. तू जा गो."

"काही नाही बाबा. नावं जुळत नाहीत."

"जुळत नाय म्हंजे?"

या माणसाला हा शब्द असा अर्धवट सांगून चालणार नव्हता. तिनं खुर्ची वळवली.

"दोन्ही याद्यांत राजाराम आहे. मला दिसतोय. पण कॉम्प्युटर म्हणतो हे दोन वेगळे आहेत."

"वाच बघूया."

"काय वाचू? राजाराम आणि राजाराम."

"तसा नाय. खिळे मोज. एकेक."

तिला हसू आलं, पण क्लासमध्ये दिपालीनं शिकवलेलं आठवलं. दिपाली म्हणजे त्यांची शिकवणारी, चोवीस वर्षांची मुलगी. मजकुराला स्ट्रिंग म्हणतात, आणि त्यात किती अक्षरं हे 'लेन' विचारलं की कळतं. जान्हवीनं पहिल्या यादीतल्या राजारामची लांबी विचारली.

"आठ म्हणतंय. वेडं आहे हे. रा, जा, रा, म. चार व्हायला पाहिजेत."

"चार कशे? काने खय गेले?" लवूंचा हात मांडीवर उघडा झाला आणि बोटं चालायला लागली, जणू पुढ्यात खणांची पेटी होती. "र. काना. ज. काना. र. काना. म. सात. काना येगळो खिळो आसता. तुझ्या यंत्राक ता म्हायती आसा, तुकाच नाय."

जान्हवीनं दुसऱ्या यादीतल्या राजारामची लांबी विचारली. सात.

"बाबा, तिथं सात आहेत. आणि इथं आठ."

"मगे एक खिळो जास्तीचो आसा."

"पण दिसत नाही काहीच."

"दिसणा नाय म्हंजे स्पेस." ते सहज म्हणाले. "स्पेस पण खिळोच. उंचीक कमी, म्हणान शाई लागणा नाय. पण जागा खाता. नवी पोरां ओळीच्या शेवटाक विसरान ठेवायची आणि मगे ओळ पट्टीत बसायची नाय. नावाच्या मागे बघ."

तिनं कर्सर नावाच्या शेवटी नेला. म नंतर एक घर रिकामं होतं. रिकामं कसलं, भरलेलं. मोबाइलवर टाइप करताना फोनच पुढची जागा सोडतो, आणि ती जागा राजाराम कोळ्यांना चिकटून गोराईहून मुलुंडपर्यंत आली होती.

कडेच्या अशा जागा काढायला 'स्ट्रिप' असतं, हे तिच्या वहीत होतं. तिनं घाईनं लिहिलं आणि एंटर दाबलं. एकेचाळीस.

"वाट लागली," ती म्हणाली, आणि सासरे समोर आहेत हे ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. मग दिपालीला मेसेज टाकला. दोन मिनिटांत व्हॉइस मेसेज आला. मागे कुठं तरी मिक्सर चालू होता.

"ताई, स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही ना! स्ट्रिप केलं की नवी स्ट्रिंग मिळते. ती तुम्ही कशात तरी ठेवायला पाहिजे. तुम्ही साफ केलं आणि हातातनं सोडून दिलं. आणि नाव, आडनाव, गाव, तिन्हीला करा हां."

"ऐकलंत?" जान्हवीनं विचारलं.

"ऐकलंय. आमचा बरा होता," लवू म्हणाले. "चिमटो घालायचो, नको तो खिळो उपटायचो, काम झाला."

तिनं ओळ सुधारली. एंटर दाबताना तिचं बोट थांबलं, मग तिनं डोळे मिटून दाबलं.

तीन.

अडतीस माणसं एका झटक्यात यादीत येऊन बसली होती. जान्हवीनं दोन्ही हात तोंडावर धरले. ओरडावंसं वाटलं, पण आत समीक्षा, तिची नऊ वर्षांची लेक, अभ्यास करत होती. ती उठली, सासऱ्यांसाठी चहा ओतला आणि कप त्यांच्याजवळ स्टुलावर ठेवला. त्यांचा हात आधी स्टुलाच्या कडेवर पडला, मग कडेकडेनं कपापर्यंत गेला. तिनं पाहिलं, पण तिचं मन पडद्यावर होतं.

"उरलेले तीन?" त्यांनी विचारलं.

"सरूबाई भोईर, गोराई. दोन्हीकडे सहाच खिळे आहेत, मोजलेत मी. मागे पुढे काही नाही."

"र ला उकार कंचो? पयलो की दुसरो?"

तिनं वाकून पाहिलं. एकीकडे सरूबाई. दुसरीकडे सरुबाई.

"एकीकडे दुसरा, एकीकडे पहिला."

"आमच्याकडे रु आणि रू अखंडच खिळे होते, शेजारशेजारच्या खणांत. सगळ्यात जास्ती चुकी थयच. प्रूफ येय तेव्हा आदी मी रू बघी." ते चहाचा घोट घेऊन थांबले. "पण तू आपल्या मनान एक करू नको. दोन येगळी बायलमाणसां आसतीत तर? इचार."

बरोबर होतं. यादीत फोन नंबर होता. खोलीत फोनवर बोलताना आवाज तुटायचा, म्हणून ती गॅलरीत निघाली. जाताना तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "बाबा, तोवर यादीवर जरा नजर टाका ना. अजून कुठं असा उकार सुटलाय का."

"बघतंय," ते म्हणाले आणि पुढे सरकून खुर्चीवर बसले.

फोन सरूबाईंच्या सुनेनं उचलला, मग सरूबाईंनी हिसकावून घेतला. मागे बाजाराचा गलका होता.

"मीच गो ती! मना तपासला, डोल्यान थेंब घातला, सगला केला. माझा नाव नाय म्हनता? दोन तास बसलू होतू मी तिथं!"

"आहे, आहे आजी. नाव आहे तुमचं. एवढंच विचारायला केला फोन."

"तारीक गावंल ना गो? मना आता पापलेट न् हलवा हातान धरल्याबिगर कलत नाय."

"मिळेल. सोमवारी फोन येईल."

दुसरंही नाव असंच एका वेलांटीपायी अडलं होतं. तिसऱ्या माणसाच्या मुलानं सांगितलं की वडिलांचं ऑपरेशन वसईला होऊन गेलं, तुमच्याकडे ते परत आलेच नव्हते. म्हणजे एकाच्या बाबतीत नंदकिशोर सरांचं खरं होतं. एकेचाळीसांतल्या एकाच्या. दहा मिनिटांनी जान्हवी गॅलरीतून आत आली.

लवू लॅपटॉपसमोर बसले होते. मान थोडी तिरकी, उजव्या हाताचं बोट पडद्याच्या खालच्या कडेवर, ओळीमागून ओळ वाचत जाणाऱ्या माणसासारखं.

"काय दिसलं बाबा?"

"सगळा बरोबर आसा. मी दोनदा वाचलंय. यादी एकदम झकास झाली."

ती त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. लॅपटॉपचा पडदा विझलेला होता. चार्जर लावला नाही की तो मिनिटभरात आपोआप काळा होई. त्या काळ्या काचेत खिडकीचा चौकोन दिसत होता आणि सासऱ्यांचा चेहरा.

जान्हवी तशीच उभी राहिली. दिवाळीनंतर त्यांनी समीक्षाला शाळेत सोडणं थांबवलं होतं, गुडघे दुखतात म्हणून. सकाळी पेपर हातात असायचा, पण बातमी मात्र नितेशच्या तोंडून ऐकायचे. रविवारी त्यांनी लावलेल्या कुकरच्या भातात मागच्या वेळी मिठाऐवजी साखर पडली होती आणि सगळे हसले होते. तेही हसले होते.

तिनं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. कुठलंच बटण दाबलं नाही.

"कधीपासून, बाबा?"

त्यांचं बोट पडद्यावरून खाली आलं. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"उजवो गेल्या पावसापासना," शेवटी ते म्हणाले. "दिवाळीपासना सगळाच धुरकट. नितेशाक सांगू नको."

"मला तरी सांगायचं."

"काय सांगतलंय? जुळाऱ्याचे डोळे गेले, मगे तेचा रवला काय गो?"

जान्हवीनं एक बटण दाबलं. पडदा उजळला, नावं वर आली. त्यांना ती दिसणार नव्हती, पण उजेड जाणवला असावा, त्यांनी पापण्या हलवल्या.

"चाळीस माणसां यादीत रवली, बाबा," ती म्हणाली. त्यांच्या बोलीत ती आजवर कधी बोलली नव्हती. "तुम्ही नसता तर मी ती काढून टाकली असती आज. मला ती नुसती रिकामी जागाच वाटली असती."

लवूंनी तोंड खिडकीकडे वळवलं. खांद्यावरचा टॉवेल घेऊन त्यांनी चेहरा पुसला, मग मान, मग पुन्हा चेहरा.

तिनं यादी पाठवून दिली. अकरा चाळीसला नंदकिशोर सरांचं उत्तर आलं: दोनशे अकरा? कसं काय? नंतर एक अंगठा. तिनं फोन उलटा ठेवला आणि पुढच्या महिन्याच्या शिबिराची कोरी यादी उघडली. त्यात अजून एकही नाव नव्हतं.

"नाव सांगा," ती म्हणाली. खिडकीवर बसल्यावर तिचा आवाज जसा असे, तसाच.

"कोणाचा?"

"माझ्यासमोर एकच माणूस बसलाय."

त्यांनी घसा साफ केला.

"लवू. लवू भिकाजी तावडे."

"वय?"

"एकाहत्तर. तुका म्हायती आसा."

"विचारावं लागतं. गाव?"

"घाटकोपरच लिही."

तिनं लिहिलं, मागे जागा सुटली नाही ना ते पाहिलं. शेवटचा रकाना उरला होता.

"कुठला डोळा?"

लवूंनी हात पुढे केला. टेबलाची कड चाचपत तो तिच्या मनगटाशी आला आणि तिथंच थांबला.

"दोनय," ते म्हणाले.